चित्राच्या वाटेने आलेला वाचक

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात बसणाऱ्या ग्रंथपालास दोन गोष्टी ठाऊक असतात. वाचकाने कोणते पुस्तक नेले ही पहिली, आणि ते मागताना त्याने कोणते शब्द वापरले ही दुसरी. एक वाचक ‘पानिपतावरची कादंबरी’ मागतो, दुसरा लेखकाचे अर्धेच नाव सांगतो, तर तिसऱ्याला केवळ मुखपृष्ठाचा रंग आठवत असतो. लोकांच्या मनात पुस्तके कोणत्या नावांनी वसतात, हे या मागण्यांवरून कळते. इंटरनेटवर संकेतस्थळ चालविणाऱ्यालाही हेच ज्ञान हवे असते. त्याचा वाचक मात्र दृष्टीआड असतो आणि पुष्कळदा तो शब्दांच्या नव्हे, तर चित्राच्या वाटेने येतो.

चित्रांचा स्वतंत्र शोध ही सोय तशी अलीकडची आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभात गायिका जेनिफर लोपेझ यांनी परिधान केलेला हिरवा पोशाख पाहण्यासाठी असंख्य लोकांनी गूगलकडे धाव घेतली. त्यांना हवे होते चित्र आणि मिळत होत्या मजकुराच्या ओळी. ही उणीव ध्यानात येऊन जुलै २००१ मध्ये चित्रशोध सुरू झाला, असे त्या कंपनीचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनी पुढे लिहिले आहे.

शब्द कसा कळत असे

वाचक एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, तेव्हा त्याचा ब्राउझर नव्या संकेतस्थळास आधीच्या पानाचा पत्ता कळवू शकतो. या सूचनेस ‘रेफरर’ म्हणतात. गमतीची गोष्ट अशी की, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रात या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गळले, आणि ती चूक आजही जगभरच्या यंत्रांमध्ये तशीच नांदते आहे. शोधयंत्राच्या पत्त्यातच वाचकाने टंकलेले शब्द असत. त्यामुळे संकेतस्थळाच्या नोंदवहीत ते आपोआप उतरत. चित्रशोधाच्या बाबतीत थोडी खटपट करावी लागे, कारण मूळ शोधाचा पत्ता दुसऱ्या पत्त्याच्या पोटात दुमडलेला असे. देवनागरीतील शब्दाला आणखी एक आवरण असे. पत्त्यात आपले एकेक वर्ण नऊ चिन्हांनी लिहिले जाते. ‘मोर’ या शब्दात म, ओकाराची मात्रा आणि र अशी तीन वर्णे धरली जातात. म्हणून त्याची सत्तावीस चिन्हे होतात. ती उलगडल्यावाचून नोंदवहीतला मोर दिसत नसे.

ही वाट हळूहळू बंद झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने, आपल्या खात्यात प्रवेश केलेल्या वाचकांचे शब्द संकेतस्थळांना देणे थांबविले. २०१३ पर्यंत हे बंधन जवळजवळ सर्वांना लागू झाले. त्याच वर्षी जानेवारीत शोधाच्या पानावरच मोठे चित्र दिसू लागले. चित्र तेथेच पाहून वाचक परतू लागले, आणि मूळ संकेतस्थळांच्या चालकांनी तक्रारी केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये, गेटी या छायाचित्रसंस्थेशी करार झाल्यानंतर, मूळ पानास बगल देऊन थेट चित्र उघडणारे बटण काढून टाकण्यात आले.

आजची व्यवस्था

आज हे शब्द शोधयंत्राच्या स्वामीकडूनच मागून घ्यावे लागतात. गूगलची ‘सर्च कन्सोल’ ही विनामूल्य सोय त्यासाठी आहे. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केल्यावर तेथील कामगिरीच्या अहवालात शोधाचा प्रकार ‘चित्र’ असा निवडता येतो. मग प्रत्येक शब्दापुढे चार आकडे दिसतात: चित्र किती वेळा दाखविले गेले, त्यावर किती वेळा क्लिक झाले, या दोहोंचे प्रमाण आणि यादीतील सरासरी स्थान. मागील सोळा महिन्यांची माहिती येथे मिळते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गुरुग्राम जिल्ह्यात फर्रुखनगरच्या वाटेवर सुलतानपूर हे राष्ट्रीय उद्यान आहे. २०२१ मध्ये त्याचा समावेश रामसर पाणथळ स्थळांत झाला. समजा, तेथील पक्ष्यांची छायाचित्रे एका पक्षिमित्राने संकेतस्थळावर मांडली. अहवालात त्याला ‘सारस’ या शब्दापुढे हजार दर्शने व दहा क्लिक आढळले. ‘गुडगाव पक्षी उद्यान’ या शब्दांपुढे शंभर दर्शने व वीस क्लिक. पहिले प्रमाण शेकडा एक, दुसरे शेकडा वीस. पहिल्या समूहाला बहुधा केवळ सारस कसा दिसतो हे पाहायचे होते. दुसऱ्याला तेथे जायचे असावे. तेव्हा त्या पानावर वाट, वेळ आणि योग्य ऋतू यांची माहिती देणे हिताचे ठरेल.

याच उदाहरणात आणखी एक बोध आहे. गुडगावचे नाव २०१६ मध्ये गुरुग्राम झाले; परंतु लोकांच्या ओठांवरची नावे सरकारी आदेशाने एका दिवसात बदलत नाहीत. अशा यादीत जुने नाव, नवे नाव आणि ‘गुरगाव’ही भेटू शकते. सुलतानपूर कोणी मराठी वळणाने दीर्घ लिहील, कोणी हिंदी वळणाने ऱ्हस्व. पक्षिमित्राने चित्राखालच्या ओळीत व भोवतीच्या मजकुरात ही रूपे स्वाभाविकपणे येऊ द्यावीत, कारण चित्राचा विषय ठरविताना शोधयंत्र हा मजकूरही वाचते. चित्राचे पर्यायी वर्णनही ते वाचते. ते वर्णन मुळात दृष्टिहीन वाचकांसाठी असते. त्यात शब्दांची खोगीरभरती करणे म्हणजे त्यांचा अपराध करणे होय.

जे झाकलेले राहते

अहवालातील शब्दांची बेरीज एकूण क्लिकइतकी भरत नाही. फारच थोड्या लोकांनी विचारलेले शब्द त्यातून मुद्दाम वगळले जातात, आणि याला सबळ कारण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे दोन कोटींच्या आसपास शोध संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक होते. तरीही वार्ताहरांनी एका क्रमांकामागची वृद्धा काही दिवसांतच शोधून काढली. तिची ओळख तिच्या प्रश्नांतूनच उघडी पडली होती.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या प्रकाशात पाहता संकेतस्थळाच्या चालकास समूहाची मागणी कळावी आणि व्यक्तीची ओळख झाकलेली राहावी, हीच योग्य सीमा ठरते. तथापि, चालकांपासून झाकलेले शब्द शोधयंत्राच्या कोठारात जमा होतच असतात, याचा विसर पडू नये. ग्रंथपालाच्या वहीत आणि या कोठारात हाच मोठा भेद आहे. ग्रंथपालाची वही गावातल्या एका टेबलावर असते. हे कोठार कोणाच्या हाती आहे, ते विचारण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाचा आहे.