कोकण म्हणजे फक्त मालवण नव्हे

मुंबई-पुण्यात ताटात मासा आला, की पाटीवर ‘मालवणी’ लिहिलेलं असणार, हे आता जवळपास ठरून गेलं आहे. पाटी लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. डहाणूपासून दोडामार्गापर्यंतच्या रांध्याला गिऱ्हाइकाच्या ओळखीचं एकच नाव हवं असतं. पण मालवण हा सिंधुदुर्गातला एक तालुका आहे, आणि सिंधुदुर्ग जिल्हाही 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झालेला. मालवणी बोली त्या जिल्ह्यात सर्वदूर चालते, म्हणून तिथवर हे नाव रास्त आहे. रायगड, ठाणे, पालघरच्या चुलीवर तीच पाटी लावली, की गफलत सुरू होते.

कोकणातलं प्रत्येक कालवण नारळाच्या वाटणाचं, हा त्यातला सर्वांत पक्का समज. मालवणकडे सागोतीला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लागतं, बांगड्याला ओला नारळ आणि तिरफळं लागतात, हे खरंच. मुंबईतल्या पाठारे प्रभूंच्या घरी मात्र कोळंबीचं आटलं होतं ते तेल, लसूण, हिंग आणि परभी सांबार मसाल्यावर. नारळाचा पत्ताच नाही. या मसाल्यात गहू आणि हरभऱ्याची डाळही असते. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 1910 मध्ये ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ लिहिला तो याच समाजातून. शंभराहून अधिक वर्षं छापील रूपात असलेल्या परंपरेला दुसऱ्याच तालुक्याच्या नावाखाली ढकलणं हा अन्याय आहे.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव ऐकून अनेकांना हे लोक पूर्व भारतातून आले असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात हे वसई, साष्टी आणि मुंबईचे मूळचे रहिवासी, मराठी बोली बोलणारे ख्रिस्ती. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1887 मध्ये, त्यांनी हे नाव घेतलं. म्हणजे ही छत्री स्वतःच उघडलेली. तिच्याखाली कोळी, वाडवळ, भंडारी अशी निरनिराळी घरं. उन्हाळ्यात कुटून काळसर बाटल्यांत ठासून भरलेला त्यांचा बॉटल मसाला घराघरांत बदलतो.

आणि कोळंबी-कुर्ल्या न खाणारे कोकणी? तेही आहेत. रायगडातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या धर्मनियमांत पर आणि खवले नसलेलं कोणतंही जलचर वर्ज्य. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून तिथे नारळाचं दूध फार मोलाचं. एलियाहू पैगंबराच्या नावाने ते मलिदा करतात तो गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा. धर्म जेरुसलेमचा, पोहे अलिबागचे!

जहाल तिखट हीच मालवणीची ओळख, हेही अर्धसत्य. कोंबडी-वडे पाहुणचाराचे. रोजच्याला कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, काळ्या वाटाण्याचं सांबार. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते तेव्हा टाकळा आणि सुकट.

आता उलट टोकाचा गैरसमज. ‘मालवणी’ नको म्हणताच काही जण जातवार यादी काढतात: हा पदार्थ सीकेपींचा, तो आगऱ्यांचा. वालाचं बिरडं या दोन्ही घरांत शिजतं आणि पाठारे प्रभूंकडेही. जूनच्या तोंडाला येणारी शेवळं रायगड-ठाण्यात कुणा एकाची मक्तेदारी नाहीत. सांदणाचं उदाहरण तर फार बोलकं. रत्नागिरीकडे ते फणसाच्या रसातलं, कोकणी मुसलमानांकडे नारळाच्या दुधातलं, ईस्ट इंडियनांकडे ताडीने फुगवलेलं. मुळाशी तांदूळ आणि वाफ, तीन धर्मांच्या घरांत. भाताचं शेत, माडाची बाग आणि ऋतू सामाईक असल्यावर कुंपणं टिकायची कशी?

एकत्रित नाव हवंच असेल, तर ‘कोकणी’ हे प्रदेशाचं नाव पुष्कळ प्रामाणिक आहे. त्यात सगळे मावतात आणि कुणी पुसला जात नाही. त्याच्या जोडीला हॉटेलवाल्यांनी मेनूकार्डावर पदार्थापुढे गाव किंवा तालुका छापावा. आंबा देवगडचा की रत्नागिरीचा, हे पेटी उघडण्याआधी विचारणाऱ्या गिऱ्हाइकाने कालवणाबद्दलही तेवढंच हटकून विचारावं.