सापाचा फोटो ग्रुपवर, माणूस रुग्णालयात

पावसाळा लागला की आपटा, कर्नाळा, रसायनी या पट्ट्यात साप घराच्या पडवीपर्यंत येतात. भातखाचरं, गवत, लाकडाच्या मोळ्या आणि त्यामागून येणारे उंदीर, बेडूक ही त्याची कारणे. साप दिसला की हल्ली पहिला हात मोबाइलकडे जातो. निसर्गप्रेमींच्या, सर्पमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो आणि दोन मिनिटांत उत्तर येते, 'बिनविषारी आहे, काळजी नको.'

साप नुसता दिसला असेल तर हा सल्ला उपयोगी आहे. धामण, दिवड यांसारखे कितीतरी निरुपद्रवी साप त्यामुळे वाचतात. पण साप चावला असेल, तर याच उत्तरावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण मण्यार आणि कवड्याचे. दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यारीचे पट्टे साधारणपणे जोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. रात्री, विजेरीच्या उजेडात, हललेल्या फोटोत हे कुणाला दिसणार? बिनविषारी डुरक्या घोणस आणि जहाल घोणस यांचीही अशीच गल्लत होते.

त्यात मण्यारीचा दंश फसवा. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना, सूज जवळपास नसते, दाताची खूणही सापडत नाही. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. ग्रुपवरच्या दिलाशात हेच तास निघून जातात.

डॉक्टर उपचार ठरवतात ते मुख्यतः लक्षणांवरून. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रित चालते. त्यामुळे चौघांपैकी नेमका कोणता, यावाचून उपचार अडत नाहीत. घोणस, फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते पाहायला कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त २० मिनिटे स्थिर ठेवतात. प्रतिविषाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून लक्षणे नसताना ते टोचत नाहीत. रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवतात. उलट, कर्नाळ्याच्या झाडीतल्या हिरव्या चापड्यासाठी हे प्रतिविष बनवलेलेच नाही. तिथे सूज, वेदना आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणजे सापाचे नाव कळले तरी रुग्णालय टळत नाही.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यातले बरेच वेळेत उपचार मिळाले तर टळू शकतात.

मग ग्रुप सोडून द्यायचे का? मुळीच नाही. सल्ला देणाऱ्याने आधी एकच विचारावे, 'कुणाला चावलाय का?' उत्तर 'हो' असेल, तर सापाचे नाव नंतर; आधी 'रुग्णालयात निघा, १०८ ला फोन करा' एवढेच लिहावे. ओळख सांगताना ती कोणत्या खुणेवरून पटली तेही सांगावे, म्हणजे दुसऱ्याला चूक दाखवता येते. फोटो अस्पष्ट असेल तर 'सांगता येत नाही' हेही जबाबदार उत्तर आहे. दहा जणांनी अंगठा दाखवला म्हणून ओळख पक्की होत नाही. बऱ्याचदा नऊ जण पहिल्याच्याच मागे गेलेले असतात.

विचारणाऱ्याने फोटो लांबूनच काढावा. त्यासाठी सापाला मारू किंवा पकडू नये. मेलेल्या सापाचे तोंडही चावू शकते. चावलेला हात किंवा पाय हलवू नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात. आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे टाळावे. सहज मिळालेला फोटो डॉक्टरांना जरूर दाखवा. ग्रुपचे उत्तर येईपर्यंत मात्र घरी थांबू नका.