कुत्रा आणण्यापूर्वी

ज्या घरात स्वमग्न मूल आहे, त्या घराला दाराची कडी केवळ चोराच्या भयाने लावावी लागत नाही. मूल केव्हा उठेल आणि कोणास चाहूल न लागू देता कोणत्या वाटेला लागेल, याचा नेम नसतो. २०१२ साली अमेरिकेत १,२१८ स्वमग्न मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. चौथ्या वर्षानंतर एकदा तरी सुरक्षित जागेतून निसटू पाहिलेली मुले त्यांत ४९ टक्के निघाली. निसटून मृत्युमुखी पडलेल्या अशा मुलांत बुडून मरण हे तिकडे प्रमुख कारण ठरले आहे. ज्यांच्या परसात विहीर आणि विहिरीपलीकडे खाजनाचे पाणी, त्या आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावयास नको.

या भयाच्या जोडीस मुलाचे स्वतःचे भय असते. स्वमग्न मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना एखादा चिंताविकारही असतो, असा निष्कर्ष २०११ साली अनेक पाहण्या एकत्र पडताळून काढण्यात आला. चवथीचे फटाके, शिगम्यातले ढोल, शाळेच्या वर्गाची अचानक झालेली अदलाबदल. इतरांना जे सहज, तेच या मुलांना असह्य होते. परदेशी स्थायिक झालेले आप्त अशा वेळी मोठ्या कळकळीने सुचवितात, “एखादा सर्व्हिस डॉग का आणत नाही?” या सूचनेचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

अंधांना वाट दाखविणारे कुत्रे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार होऊ लागले. स्वमग्न मुलांसाठी ही विद्या वापरण्यास कॅनडातील ‘नॅशनल सर्व्हिस डॉग्ज’ या संस्थेने १९९६ पासून आरंभ केला. मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याला जोडतात, कुत्र्याची दोरी पालकाच्या हाती असते. मूल धावू लागले की कुत्रा पाय रोवून उभा राहतो. मूल स्वतःला इजा करू लागल्यास नाकाने ढोसून त्याचे लक्ष वळविणे, घाबरल्यास मांडीवर अंगाचा भार टाकून त्याला स्थिर करणे, ही कामेही शिकविली जातात. ही सारी शिकवणूक होईपर्यंत कुत्रा साधारणतः दोन वर्षांचा झालेला असतो. काही संस्थांनी मुलास कुत्र्याला बांधण्याची पद्धत दोघांच्याही सुरक्षिततेच्या विचाराने सोडून दिली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील नियमांनुसार, अपंगत्वाशी संबंधित निश्चित काम शिकविलेला कुत्राच सेवाश्वान ठरतो. घाबरगुंडीची पूर्वचिन्हे ओळखून शिकविल्याप्रमाणे कृती करणारा कुत्रा त्यात मोडतो. ज्याच्या नुसत्या सहवासाने बरे वाटते, तो मोडत नाही. सहवासाचे मोल यामुळे कमी होत नाही; परंतु घरचा प्रेमळ कुत्रा आणि सेवाश्वान यांकडून सारखीच अपेक्षा ठेवणे निराशेला आमंत्रण देणे होय. अंगावर लाल जाकीट चढविल्याने कोणताही कुत्रा सेवाश्वान होत नाही.

लाभ होतो का? २०१० साली कॅनडात ४२ स्वमग्न मुलांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित द्रव्य मोजण्यात आले. सकाळी जाग आल्यानंतर होणारी त्याची वाढ कुत्रा येण्यापूर्वी ५८ टक्के होती. कुत्रा घरी असताना ती १० टक्क्यांवर आली आणि कुत्रा परत नेल्यावर पुन्हा ४८ टक्क्यांवर गेली. दिवसभराच्या सरासरी प्रमाणात मात्र फरक पडला नाही. आधार मिळतो, असे यावरून दिसते. आणि तो आधार कुत्रा जवळ असेतोवरचाच आहे, हेही दिसते. कुत्र्याची सेवा फार तर आठ-दहा वर्षांची. त्यापुढे काय, याचा विचार पहिल्याच दिवशी झाला पाहिजे.

म्हणून आमच्या मते निर्णयाचा आरंभ मुलापासून व्हावा. भुंकणे, अंगाचा वास, चाटणे हे त्याला सोसते का? शेजारच्या एखाद्या शांत कुत्र्याच्या संगतीत त्याला काही आठवडे घालवू द्यावे. उत्तर तेच देईल. मग कुत्र्याने नेमके कोणते काम करावयाचे, ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे. तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पहाटे कुत्र्याला फिरविणार कोण? आधीच थकलेल्या आईच्या पदरी आणखी एक जीव टाकून इतरांनी कर्तव्यपूर्तीचे समाधान मानू नये. आमच्या दमट हवेत गोचिडींचा आणि त्यांपासून होणाऱ्या तापाचा उपद्रव नित्याचा आहे आणि फटाक्यांना कुत्राही भितोच. अपुरी विश्रांती, अनिश्चित दिनक्रम आणि नकळत होणारी हेळसांड यांनी असे कुत्रे स्वतःच ताणाखाली येतात, हे कॅनडातील अभ्यासकांनी २००८ सालीच नोंदविले आहे.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे; सेवाश्वानाची व्याख्या मात्र त्यात नाही. अमेरिकेतील पालक ज्या हक्काने कुत्र्यासह शाळेत वा दुकानात जातो, तो हक्क येथे गृहीत धरता येणार नाही. शासनाने ही उणीव दूर करावी, अशी आमची मागणी आहे.

तोवर जवळचे साहाय्य दूर लोटू नये. ६५ स्वमग्न मुलांवरील एक प्रयोग गोव्यात आणि रावळपिंडीत झाला व त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत दाखविली, तेव्हा त्या संवादात सुधारणा दिसून आली. ज्या विद्येची कसोटी आमच्याच भूमीवर झाली, ती प्रत्येक तालुक्यात पोहोचावी. घरोघरी विहिरीला उंच कठडा, दाराला वरची कडी आणि मुलाला पोहण्याचे शिक्षण, ही कामे तर आजच करता येण्याजोगी आहेत.

एवढे करूनही मूल कुत्र्यापाशी रमत असेल आणि घर त्याचा भार वाहण्यास सिद्ध असेल, तर कुत्रा अवश्य आणावा. सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून धर्मराजाने स्वर्गात पाऊल टाकले नाही, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सेवेसाठी आणलेला कुत्रा म्हातारा होईल, त्याचे पाय थकतील, तेव्हाही त्याला त्याच घरात जागा राहील. एवढे वचन देता येत असेल, त्यांनीच त्याला उंबऱ्याच्या आत घ्यावे.