शिंग्रोबाला नाणे, मजुराला काय?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीहून वर चढू लागले की बोरघाटात शिंग्रोबाचे मंदिर लागते. येणारे-जाणारे चालक तेथे हात जोडतात, नाणे टाकतात. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तरी जुन्या वाटेवरची ही रीत सुटलेली नाही.

लोककथा अशी : इंग्रज अभियंत्यांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. साहेबाने बक्षीस विचारले, त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही कथा रस्त्याची म्हणून सांगतो, कोणी रेल्वेची. गाडीरस्ता खुला झाला १८३० साली, रेल्वे १८६३ साली!

कोर्टात ही कथा ऐकीव म्हणून बाद होईल. पण दुसऱ्या बाजूचे दप्तर तरी काय सांगते? रेल्वेचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मेला आणि पत्नी अ‍ॅलिसने काम तडीस नेले, याची नोंद आहे. त्याच घाटात ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. ते उरले आकड्यापुरते. रोगराईने, अपघाताने मेले त्यांची नावे कुठे आहेत? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले, त्यांच्या हाती लोककथाच राहणार. म्हणून शिंग्रोबा खरा की खोटा, हा वाद दुय्यम आहे.

आक्षेप आहे तो माणसाचा देव करण्याला. देव केला की त्याचा हिशेब कोणी मागत नाही. नाणे टाकले की देणे फिटले! कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ साली, म्हणजे घाटातून रेल्वे धावल्यावर साठ वर्षांनी. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. मजुराचा हक्क कागदावर असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

रस्त्याच्या कामावर मजूर दगावला की आजही वारसांपुढे पहिला प्रश्न येतो : तो तेथे कामाला होता, याला पुरावा काय? मुकादम हात वर करतो, हजेरीपटात नाव नसते.

तेव्हा बांधवांनो, घाटातून जाताना नाणे खिशातच राहू द्या. आपल्या वस्तीतला जो कोणी रस्त्याच्या कामावर जातो, त्याचे नाव हजेरीपटात चढले आहे काय, एवढे आधी तपासा.