हिरड्यांतले रक्त आणि लकव्याचा धोका

दाढ ठणकली की लवंग धरायची, मेडिकलवरून गोळी आणायची आणि ठणका थांबला की विसरून जायचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक घरांत दातांचा उपचार एवढ्यावरच संपतो. हिरड्यांतून येणारे रक्त तर कोणी दुखण्यात धरतच नाही. पण सुजलेली हिरडी म्हणजे जंतूंना रक्तात शिरायला उघडे दार.

दात किडवणाऱ्या 'स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स' या जंतूच्या काही प्रकारांवर 'सीएनएम' नावाचे प्रथिन असते. ते कोलॅजेनला चिकटते. उच्च रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब झाले की खालचे कोलॅजेन उघडे पडते. जंतू नेमके तिथे चिकटतात, दाह वाढतो आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा येतो. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगात हे दाखवले. पुढे मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या लाळेतही हा प्रकार जास्त आढळला. फिनलंडमध्ये ७५ रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या, तेव्हा ५९ गुठळ्यांत तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा डीएनए सापडला.

याचा अर्थ किडक्या दाताने लकवा होतोच, असा नाही. दातांवर उपचार केल्याने लकवा टळतो, हेही अजून सिद्ध झालेले नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हीच मोठी कारणे आहेत. त्यामुळे ब्रश हा रक्तदाबाच्या गोळीला पर्याय नव्हे.

लकवा हा शहरी आजार, हा समजही चुकीचा आहे. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सातांपैकी सुमारे एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे दिसले.

तिशीनंतर रक्तदाब तपासून घ्यावा. गोळी सुरू असेल तर बरे वाटते म्हणून ती बंद करू नये. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करावा. मशेरीने दात घासणे म्हणजे हिरड्यांवर तंबाखू चोळणे. ती सवय सोडावी. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल किंवा दात हलत असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात दाखवावे.

तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलताना जीभ अडखळू लागली, तर मात्र झाडपाल्यात वेळ घालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो.