पवनाकांठचें चिंचवड

गांवें नदीच्या कांठीं वसतात; परंतु नदीनें गांवाला काय दिलें, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. पुण्याच्या वायव्येस वसलेल्या चिंचवडचा असा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

पवना नदी मावळांत सह्याद्रीच्या रांगांत उगम पावते. लोहगड, तुंग व तिकोना हे किल्ले तिच्या खोऱ्यावर पहारा देत उभे आहेत. पूर्वेकडे वाहत ती चिंचवड व पिंपरी ओलांडते आणि दापोडीजवळ मुळेस मिळते.

चिंचवडचा लौकिक प्रथम झाला तो गणेशभक्त मोरया गोसावी यांच्यामुळें. मोरगांवच्या मयूरेश्वराच्या या उपासकानें पवनेच्या तीरीं संजीवन समाधि घेतली, अशी परंपरा आहे. समाधीवरील दगडी मंदिर त्यांचे चिरंजीव चिंतामणि महाराज यांनीं इ. स. १६५८-५९ मध्यें बांधिलें. आजही भाद्रपदांत व माघांत चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगांवास जाते. मंदिर नदीच्या इतकें लगत आहे कीं, मोठा पूर आला म्हणजे पाणी थेट आंत शिरतें.

याच गांवांतील एका कीर्तनकाराचे पुत्र म्हणजे दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव चापेकर. पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत लोकांचा जो छळ झाला, त्याचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडण्यांत आली. दामोदर १८९८ सालीं व धाकटे दोघे १८९९ सालीं फांसावर चढले. एका आईबापांचे तीन पुत्र देशकार्यीं खर्ची पडले.

स्वातंत्र्यानंतर या कांठाचें रूप पालटलें. फाळणीनें निराधार झालेल्या सिंधी बांधवांची वसाहत पिंपरीस झाली. १९५४ सालीं तेथेंच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन पेनिसिलिन देशांत तयार होऊं लागलें. पुढें मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले आणि उद्योगांची रांग उत्तरेस चाकणपर्यंत पोहोंचली. चिंचवड, पिंपरी, आकुर्डी व भोसरी मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली.

एवढ्या वस्तीची तहान पवनाच भागवीत आली. मावळांतील धरणाचें पाणी नदीच्या पात्रांतून खालीं येतें व रावेतच्या बंधाऱ्यापाशीं शहरासाठीं उचललें जातें. हें पाणी धरणापासूनच बंद नळांतून नेण्याची योजना निघाली, तेव्हां आपलीं शेतें कोरडीं पडतील या भीतीनें मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत त्यांतील तिघांचे प्राण गेले. शहराच्या घागरीमागें कोणाची तरी शेती उभी असते, हें त्या दिवशीं उघड झालें.

वरच्या अंगाशीं असा तंटा, तर खालच्या अंगाला दुसरें दुःख आहे. घरांतील व कारखान्यांतील मैलापाणी पात्रांत मिसळून नदीवर वारंवार फेंस दिसतो. पवनेचें पाणी मुळेंत, पुढें मुळा-मुठेंतून भीमेंत जातें. आणि भीमा म्हणजेच पंढरपूरची चंद्रभागा. ज्या गांवाला नदीनें देव दिला, उद्योग दिला व अन्न दिलें, त्यानें मावळच्या शेतकऱ्याचा वांटा राखावा व खालच्या गांवांना पाणी निर्मळ पोंचवावें, एवढें देणें तरी त्याच्या हिशेबीं निश्चित आहे.