मांस का उडते?



पुरुषाचा उजवा डोळा लवला तर लाभ, डावा लवला तर काळजी, बायकांचे नेमके उलट, हा हिशोब आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. परंतु दंडाचे, पोटरीचे किंवा मांडीचे मांस आपोआप उडू लागले आणि चार दिवस थांबेना, की शकुनाचे गणित चालत नाही. मग कोणी म्हणतो वारा शिरला, कोणी म्हणतो अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून घ्या, आणि कोणी बाहेरची बाधा ठरवून नारळ उतरवितो. आम्हांला वाटते, या तिन्ही सल्ल्यांच्या आधी एक साधा प्रश्न विचारावा: या माणसाने गेल्या आठ-दहा दिवसांत शेतात काय केले?

हा प्रश्न का, ते समजण्यासाठी स्नायूचे काम थोडक्यात पाहू. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते आणि स्नायू आकसतो. लगेच कोलिनेस्टरेज नावाचे दुसरे द्रव्य ते रसायन मोडून टाकते, म्हणून स्नायू पुन्हा सैल पडतो. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची कीटकनाशके नेमकी या दुसऱ्या द्रव्याला बांधून ठेवतात. किडा त्यानेच मरतो. माणसाच्या अंगातही तेच घडते. रसायन साचते, हुकूम नसताना स्नायू उडत राहतो आणि शेवटी थकून निकामी होतो.

धानाच्या बांधीत तुडतुडे आले, गादमाशी आली, खोडकिडा दिसला की आपण ‘औषध मारतो’. या विषाला आपण औषध म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. औषध म्हटले की अंगावर सांडले तरी भीती वाटत नाही. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो, मांड्या ओल्या होतात, त्याच हाताने बिडी ओढली जाते. या विषाला तोंडातूनच जावे लागते असे नाही. ते कातडीतूनही शिरते. घाम आलेल्या, खरचटलेल्या कातडीतून तर अधिकच.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात काय झाले, ते आपण विसरता कामा नये. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, दोन-तीन विषे एकत्र मिसळली जात होती. शेकडो शेतकरी व मजूर दवाखान्यात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. त्यांत स्वतःचे शेत नसलेले, रोजाने फवारणीस गेलेले मजूरही होते. आपल्याकडे कपाशी कमी आणि धान जास्त, म्हणून आपण सुरक्षित, असा समज कोणी करून घेऊ नये. लोंबी येण्याच्या सुमारास धानही कमरेपर्यंत येते.

एका दिवसाच्या फवारणीने चक्कर आली तर माणूस सावध होतो. खरा दगा थोड्या थोड्या विषाचा. रक्तातील तांबड्या पेशींत असलेले कोलिनेस्टरेज एकदा बांधले गेले, की नव्या पेशी तयार होतील तसतसेच ते भरून येते, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणजे आज थोडे घटले, परवा आणखी थोडे, असे करीत आठव्या फवारणीला पापणी, जीभ, पोटरी उडू लागते, आणि माणूस म्हणतो, “आज तर काहीच विशेष केले नाही!” म्हणून या तपासणीचा पहिला आकडा फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी घेतलेला असेल तर फार उपयोग होतो. माणसामाणसांत या द्रव्याचे प्रमाण वेगळे असते. स्वतःचा जुना आकडा हाताशी असला तर किती घट झाली ते डॉक्टरला कळते. रोजाने फवारणी करणाऱ्या तरुणांनी तरी हे करावे.

मांस उडण्याबरोबर डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, धूसर दिसणे, लाळ, घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर यांपैकी काही असेल, तर सकाळची वाट पाहू नये. भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे (धुणाऱ्याने हात झाकून घ्यावेत), आणि १०८ ची गाडी बोलवावी. विषाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. “औषध मारले होते” एवढे सांगून भागत नाही, कोणते ते डॉक्टरला हवे असते. अॅट्रोपिन दिल्यावर लाळ व घरघर थांबते, घरच्यांना वाटते माणूस बरा झाला. परंतु अॅट्रोपिनचा स्नायूंच्या उडण्यावर परिणाम होत नाही. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान उचलता न येणे आणि श्वास कमी पडणे असा दुसरा फटका बसू शकतो. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये त्याचे वर्णन केले. म्हणून धान कापायचे आहे, गुरे उपाशी आहेत, अशी कारणे सांगून रोग्याला तिसऱ्या दिवशी घरी आणण्याचा हट्ट धरू नये.

आता ज्यांनी फवारणी केलीच नाही त्यांचे काय? रोवणीच्या दिवसांत घाम व मीठ जाऊन पोटऱ्यांत गोळे येतात. जागरण, फार चहा, दारू, थायरॉइडचा वाढलेला जोर, रक्तातील कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची कमतरता, दम्याची व लघवी वाढविणारी औषधे यांनीही मांस उडते. भोंदू वैद्याच्या भस्मात शिसे-पारा असेल तर मज्जातंतूच बिघडतात. म्हणून डॉक्टरपुढे बसताना पुड्याही दाखवाव्यात, लाजू नये.

लाखोळीचा दोष वेगळा. दुष्काळात तीच डाळ महिनोन्‌महिने खाल्ली तर पोटऱ्यांत गोळे येतात, पाय ताठ होतात व माणूस काठीवर येतो. सागर भागात १८२९ पासूनच्या वाईट वर्षांत हे घडले, ते स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. तेथे मुख्य तक्रार ताठरपणाची असते, मांस उडण्याची नव्हे.

आणखी एक भीती शिकलेल्या पोरांत दिसते. मांस उडते म्हणजे मज्जातंतू झिजण्याचा तो असाध्य रोग, असे कोठेतरी वाचून ते झोप घालवितात, आणि झोप गेली की मांस जास्तच उडते. त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नुसते मांस उडणाऱ्या, पण अशक्तपणा नसलेल्या १२१ रोग्यांची २ ते ३२ वर्षे खबर ठेवली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत एकालाही तो रोग झाला नाही. काळजीची खूण वेगळी आहे. बटण लावता येत नाही, चप्पल पायातून निसटते, हाताचा पंजा बारीक होतो, बोलणे जड होते, घास अडकतो. असे काही असेल तर मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे, जबलपूर किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात, सुईची तपासणी करून घ्यावी. नसेल तर रक्ताच्या साध्या तपासण्या कराव्यात आणि रोज रात्री टॉर्च लावून पोटरीकडे बघत बसणे बंद करावे.

जाताना एका वहीत लिहून न्यावे: कधीपासून, कोणता भाग, कोणते विष मारले, किती दिवस, शेवटची फवारणी कोणत्या तारखेला. ज्याला विषबाधा होऊन गेली आहे त्याच्या घरच्यांनी ती वही पुढे तीन-चार आठवडे चालू ठेवावी. काही विषांनंतर एक ते तीन आठवड्यांनी पावलांना मुंग्या येतात आणि पाऊल लटके पडते. तेव्हा जुने कागद घेऊन पुन्हा त्याच दवाखान्यात जावे.